कोपराला आठवतं

इंदोऱ्याच्या समाजभवनात आमचा क्लास.
लग्न असलं की सुट्टी; दुसऱ्या दिवशी
निळ्या मॅटच्या फटींत हळद, तांदूळ,
कुणाच्या तरी अंगठीतला खोटा खडा.
कूलर मे महिन्याची हवा नुसती हलवत राहतो,
गार करत नाही.

नगराळे सर दिवसभर विजेचे मीटर वाचतात.
गल्लीगल्लीतली कुत्री त्यांच्या ओळखीची.
म्हणतात, "कुत्र्याले डाव्या हातातली वही दाखवायची.
थे वहीकडे पाहून राह्यते,
तोवर उजव्या हातानं फाटक लावून घ्यायचं.
एवढंच आहे पोरींनो. बाकी कवायत."

मला जमत नव्हतं.
मी जिथं मारणार
तिथं माझे डोळे आधी जाऊन बसायचे,
पंगतीत जागा धरायला पाठवलेल्या पोरासारखे.
"मोनल, तू काहून सांगून देतं वं सगळं?
घरी खोटं नाही बोलत का?"
बोलते. आई ओळखते.
"मंग तोंडानं नको बोलू. गुडघ्यानं बोल."

दोन महिने गुडघ्याला खोटं शिकवलं.
अर्धामुर्धा उचललेला गुडघा कुणी मानत नाही.
लाथ खरीच निघावी लागते, कमरेतून, श्वासासकट,
आणि शेवटच्या वितीवर
तिला विचार बदलावा लागतो.
ज्या लाथेवर माझाच विश्वास नाही
तिच्यावर समोरची का ठेवील?

मानकापूरला निवड चाचणी.
समोर चंद्रपूरची रागिणी कुळमेथे,
माझ्याहून चार बोटं उंच, पापणी न लवणारी.

सिजाक.
पुढचा पाय, पोटावर. तिनं कोपर खाली आणलं. ठप्प.
पुन्हा तोच पाय, तीच जागा. कोपर. ठप्प.
मागून कुणी ओरडलं,
"दुसरं काही येते का नाही वं इले?"
तिसऱ्यांदा तेच.
फळ्यावर माझ्या नावापुढे शून्य,
आणि मी तिच्या कोपराकडून पाढा पाठ करून घेत होते.
चौथ्यांदा गुडघा तस्साच उचलला,
तेवढाच उंच, तेवढाच उशिरा.
कोपर शहाण्या मुलीसारखं खाली गेलं
आणि माझं पाऊल हवेतच वळून
तिच्या कानाशी पोचलं.
हेल्मेटवर बारीक आवाज,
खडू मोडल्याचा.
तीन गुण.

दुसऱ्या फेरीत ती दमली.
खांदे पडले, तोंड उघडं,
मागचा पाय ओढत चाललेली.
मला कीव आली, खोटं नाही सांगत,
आणि कीवेच्या पाठोपाठ हाव.
धावले.
ती गर्रकन पाठ फिरवताना मला दिसलं,
तोंड तिनं कधीच मिटलं होतं.
मग टाच,
माझ्या छातीच्या गार्डच्या बरोब्बर मधोमध.
चार.

म्हणजे दमही सजवता येतो!
मॅटवर बसल्या बसल्या, पंच आकडे मोजत असताना,
मला एकच वाटलं:
हिच्याशी बोलायला पाहिजे.

तिसरी फेरी सांगत नाही. कागदावर आहे.

नंतर स्टेडियमबाहेर, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
आम्ही दोघी. तिच्या कानाची पाळी लाल,
मला खोल श्वास घेता येत नव्हता.
ती म्हणाली, "चौथ्यांदा वर येणार, मले समजलं होतं.
कोपराले सांगायले टाइम नाही भेटला."

मी सँडलमधली वाळू झटकायला
गुडघा वर केला.
तिचं कोपर खाली.
प्लेट कलंडली, तर्री मनगटावरून ओघळत गेली.
आम्ही दोघी त्या कोपराकडे बघत राहिलो,
जणू ते तिसरंच कुणी
आमच्यासोबत खायला आलेलं.

हसून झाल्यावर तिनं हात पुसला,
खांदे पाडले, म्हणाली,
"खरंच थकली वं मी आज."

मी माझी प्लेट
दोन्ही हातांनी धरली.