खोली चौदा, सोहार

पक्ष तिकडे फुटला मंगळवारी.
बुधवारी इकडे फ्रिज:
मधोमध निळी चिकटपट्टी,
वर दत्ताराम घाणेकरचे सुके बोंबील,
खाली त्याच्या साडूचे.
माझं दूध दारात.
दार कुठल्या गटाचं,
ते वरून अजून कळलं नव्हतं.

मतदान? आमची नावं गुहागरच्या यादीत,
बोटं इथे, वेल्डिंगच्या हातमोज्यात.
तरी जेवताना पाठीला पाठ.
साडूच्या आईचं ऑपरेशन झालं,
ते दत्तारामला कळलं बायकोच्या फोनवरून,
सात हात लांबच्या खाटेवर.

दिवाळीनंतर दोन्ही नेते एका हारात.
दत्तारामने रात्री पट्टी सोलली, न बोलता.
डिंक राहिला.
त्याला आता मीठ, मिरची, केस,
येईल ते चिकटतं.

साडू अजून हात घालतो
रेघ चुकवून.