नळ नावाचा खण

चार हजार तीनशे अठरा, न वाचलेले.
सेक्रेटरी झाले त्या दिवशी हाती आलं ते एवढंच :
एक शिक्का, दोन किल्ल्या
आणि सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड, वहीच्या मागच्या पानावर.

बत्तीस वर्षं पुणे स्टेशनजवळ टपाल वेगळं केलंय मी,
रात्रपाळीला, उभ्याने.
पिनकोड हाताला पाठ होते,
त्रेचाळीस म्हटलं की मनगट आपोआप धनकवडीकडे वळायचं.
इथे खणच नव्हते.
लिफ्टची वर्गणी, मुंजीचं आमंत्रण, बँकेचं 'प्रिय ग्राहक',
सगळं एका पोत्यात.

सी विंगमधली झोया तांबोळी, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला,
म्हणाली, मावशी, सरका जरा.
आणि तिने मला खण करून दिले.
ती त्यांना लेबल म्हणते. म्हणू दे.
अमक्याकडून आलं, तमका शब्द असला,
की पत्र स्वतःच चालत जाऊन आपल्या खणात बसतं.
म्हटलं, हे आम्हाला तेव्हा मिळालं असतं
तर माझे गुडघे आज तुझ्या पाया पडले असते.

मग चटकच लागली.
साड्यांच्या सेलला तळातल्या बारीक अक्षरांतून बाहेरची वाट दाखवली.
वीजबिलाला सांगितलं, आत्ता नको, पाच तारखेला ये.
ते आलं. सकाळी आठला, शहाण्या पोरासारखं.
टँकरवाल्याची दोन हजार एकोणीसची पावती
ऑडिटरसमोर चार सेकंदांत काढली.
तो बघत राहिला. मी चष्मा पुसला.

आणि ए-अकराचे निगुडकर.
पहाटे पाच चाळीसला महापालिकेचं पाणी सुटतं
आणि त्यांचं पत्रही.
विषय : पाणी.
दाब कमी. दाब फारच कमी. कालच्यापेक्षा कमी.
गुरुवारी पाणी बंद असलं तर
पाणी बंद असल्याबद्दल.
त्यांना मी एक अख्खा खण दिला, नळ.
नियम असा : निगुडकर अधिक पाणी,
न उघडता आत, वाचलं असं धरून.
झोयाचं बोट जरा थांबलं.
वाचलं असं धरून?
हो. मी वाचून काय दाब वाढणार आहे?

मार्चअखेर अहवालाला आकडा हवा होता, तक्रारी किती.
खण उघडला. जूनपासूनच्या दोनशे ब्याऐंशी.
खालून वर मोजत आले
आणि अकरा जानेवारीवर अडले.

विषय : पाणी.
आज पाणी उत्तम आले. बादली सहा मिनिटांत भरली.
आपण व्हॉल्व्ह बदलून घेतलात असे वॉचमनकडून समजले.
आभारी आहे.
ता. क. आपण ही पत्रे वाचता का, ते कळवावे.
वाचत नसल्यास हरकत नाही.

बारा जानेवारी : दाब कमी.

बत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात गेलं नाही,
असं मी निरोपसमारंभात सांगितलं होतं.
माईकवर.

उत्तर लिहिलं : आपली पत्रे वाचली जातात.
पाठवलं.
खाली काळी पट्टी आली, मागे घ्यायचं का, तीस सेकंद.
लाल पेटीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून
रडकुंडीला आलेली माणसं पाहिली आहेत मी.
कोणाला काही मागे मिळालं नाही.
मी विसाव्या सेकंदाला घेतलं.
पुन्हा लिहिलं :
अकरा जानेवारीचे पत्र आज वाचले. उशिराबद्दल क्षमस्व.
बादली किती लिटरची?
आणि वेळ लावून ठेवली, उद्या पहाटे पाच चाळीस.

झोयाकडून नियमात एक ओळ वाढवून घेतली,
'हे शब्द नसतील तरच', आणि पुढच्या चौकोनात : आभारी.

पाच एक्केचाळीसला उत्तर आलं.
विषय : पाणी.
गेलं सरळ नळात, नियमाप्रमाणे.
मी गॅसवर चहा ठेवला होता, तो बारीक केला
आणि स्वतः जाऊन उघडलं.

वीस लिटरची.
दाब कमी.