शंभरातले चार

बार्न्सलीत, परसदारी, कपड्यांच्या दोरीखाली
मी दुर्बीण लावून बसलेय. दोन स्वेटर, एक कानटोपी.
मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे
एक दगड आहे. नाव नाही, नुसता क्रमांक.
सूर्याभोवती त्याचा एक फेरा पाच वर्षांचा:
मागे याच ताऱ्यांत होता, तेव्हा ईशानी
वरच्या खोलीत पुटपुटत अभ्यास करायची.

दर चार मिनिटांनी एक फोटो, एक ठिपका.
उजळतो, विझू विझू होतो, पुन्हा उजळतो.
म्हणजे गोल नाही; रताळ्यासारखा लांबट,
एक गिरकी सात तास अकरा मिनिटांची.

कुंपणावरून क्लिफर्ड विचारतो, रंग कसला त्याचा?
तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस.
कोळशासारखा, मी म्हणते. उन्हाचे शंभर भाग पडले
तर चारच परत करतो.
तो खोकतो. बराच वेळ खोकतो.
"चार? मग खाणीपेक्षा बरा."

पावणेतीनला ढग आले.
आलेखाची दुसरी चढण अर्धीच राहिली.
तिथून पुढचा दगड
वर, न मोजलेला,
आपला फिरतोय.