ताकीद

नोवोसिबिर्स्क, जानेवारी, उणे एकतीस.
आत मात्र यंत्राची ऊब, चार हजार व्हॉल्व्ह,
आणि त्यांच्या जाळीवर वाळत घातलेले आमचे हातमोजे.

रात्रपाळी आमची,
म्हणजे ज्यांना ना हुद्दा ना वशिला.
जाड भिंगांची रिम्मा कार्डाच्या भोकांवरून बोट फिरवी
आणि तांदळातला खडा निवडावा
तशी चूक उचलून बाजूला ठेवी.

एकदा वेन्यानं, कुणाला न सांगता,
धरणाच्या गठ्ठ्यात एक जादा कार्ड सरकवलं.
पहाटे तीनला, भिंतीवरचा दाब मोजता मोजता
छापयंत्र थांबलं. खाकरलं. लिहिलं :
चहा झाला का?

हसून हसून आम्ही फरशीवरच बसलो.
रिम्माची भिंगं धुरकटली.

सकाळी कॉम्रेड लापशिन, हातात तो कागद.
सरकारी खर्चानं चहा कुणी मागितला?
आम्ही सगळे बुटांकडे बघत.
शेवटी रिम्माच बोलली : यंत्रानं.
त्यांनी पेन काढलं. नोंदवहीत सावकाश लिहिलं,
'यंत्र क्रमांक दोन. शिस्त नाही. ताकीद दिली.'

पुढे वेन्या लेनिनग्राडला गेला, की आणखी कुठे.
पत्र नाही.
यंत्र भंगारात गेलं,
ताकीद कुणी मागे घेतलीच नाही.

ते कार्ड माझ्याकडे आहे.
पाठीवर पेन्सिलीनं : कांदे, काळा दोरा, वीजबिल.
नातू उजेडाला धरून बघतो.
आजोबा, यात काहीच लिहिलेलं नाही.

मी उठतो,
आधण ठेवतो.