डोकं ठिकाणावर

आपण आज कुठल्या मैदानावर आहोत, करुणा?
ती हसली. सातपूरच्या, म्हणाली.
आम्ही गंगापूर रोडला होतो,
कुंपणापलीकडे कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती.

कितवा हाफ?
दुसरा. बरोबर.

शेवटचा ट्राय कुणाचा?
माझा.
तिचा नव्हता. तो तर तिच्याच अंगावरून गेला होता.
मालेगावची एक धिप्पाड पोरगी, खांदा खाली घालून,
आणि करुणाचं डोकं जमिनीवर असं आपटलं
की आवाज मला ऐकूच आला नाही,
फक्त तिचे हात दिसले, समोर ताठ झालेले,
झोपेत कुणी काही मागावं तसे.

पण ती उठली. घोळ तिथेच आहे.
उठली, गुडघ्याची माती झटकली, म्हणाली, चला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
आपल्याकडे उठण्याला फार किंमत.

एक तर बरोबर आला ना, कर्पे सर म्हणाले.
मी म्हटलं, सर, हा पस्तीस मार्कांना पास होण्याचा पेपर नाही.
तिला बाहेर घ्या.
फायनल नऊ दिवसांवर आहे!
नियम एकवीस सांगतो.
एकवीस? मोदक आहेत का?
डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

डोकं. ठिकाणावर.
माझ्याकडे एक फोटो आहे, देवळालीच्या सामन्यातला,
मी रेषेपलीकडे चेंडू टेकवतोय, तोंड उघडं, दात लाल.
त्याआधी दहा मिनिटं मी पडलो होतो, असं सांगतात.
स्वतःच उठलो, असं सांगतात.
तो अख्खा दिवस माझ्याकडे उसना आहे,
ज्याने त्याने सांगितलेला.
अजून ट्यूबलाइट फडफडली की मी डोळे मिटतो.
बायकोला वाटतं, सवय आहे.

संध्याकाळी मोहाडीला गेलो, पॅकिंग शेडवर.
तिची आई कानापर्यंत पांढरी टोपी ओढून
बारक्या कात्रीने घडातले खराब मणी काढत होती.
मी मोबाईलवर मेंदूचं चित्र उघडून ठेवलेलं,
दिंडोरी रस्त्यावर वाक्यं जुळवत आलेलो:
कवटी म्हणजे, सूज म्हणजे, वरून दिसत नाही म्हणून...

तिने चित्र पाहिलं नाही.
बाजूच्या क्रेटमधला एक घड उचलून दिव्याखाली धरला.
काल एकीच्या हातून पेटी सुटली. त्यातला हा.
दिसतोय का कुठे मार?
नाही.
आज नाही दिसायचा. कोल्ड स्टोरेजला चार दिवस बसला
की आत पाणी सुटतं.
मग तिकडून फोन येतो, आख्खा कंटेनर गेला म्हणून.

मी मोबाईल खिशात घातला.

किती दिवस म्हणालात?
एकवीस.
तिने कात्रीच्या टोकाने हवेत काहीतरी मोजलं,
बहुतेक हजेरी, बहुतेक खाडे.
द्राक्ष काही बरं होत नाही, दादा, म्हणाली.
पोरगी होईल ना?
होईल, मी म्हटलं. बसली तर.
बसवते.

फायनल आम्ही हरलो, बारा-सतरा.
कर्पे सर माझ्याशी बोलले नाहीत,
टेम्पोत मुली बोलल्या नाहीत,
करुणा तर आठवडाभर बोलतच नव्हती,
टोपी डोळ्यांवर ओढून बाकावर बसून राहायची
आणि कुणी शिट्टी फुंकली की कान झाकायची.

दहाव्या दिवशी ती स्वतःहून आली.
दादा, त्या दिवशी खरंच आपण गंगापूर रोडला होतो?
हो.
कुल्फीवाला होता?
होता.
ती बराच वेळ गवताकडे पाहत राहिली.
मला अजून सातपूरच दिसतंय, म्हणाली.

मी वही काढली, तारीख घातली.
दिवस दहावा, लिहिलं.
सातपूर.