दुपारचं मार्जिन

दीड वाजला की जातं.
रोज. बातम्यांच्या तोंडावर.
रिसीव्हरचा हिरवा दिवा आधी लुकलुकतो,
मग लाल, आणि अमळनेरपासून तापीच्या पल्याड
जेवढे म्हणून रेडिओ चालू असतील
त्यांत नुसती शांतता जाते, पुरी शंभर वॅट.

तीन दिवस शोधतोय.
कनेक्टर काढले, पुसले, पुन्हा आवळले.
तीस मीटर केबल नवी ओढली, जुनी कापून पाहिली.
आत तांबं लख्ख. उगाच कापली.
डिश हलवली नाही. सातपुड्याकडे पाठ करून
बारा वर्षं ती एकाच जागी बघतेय,
तिच्या नटांवर माझ्याच पान्याच्या खुणा आहेत.
लेव्हल उणे बेचाळीस. हवी तेवढी.
मार्जिन सकाळी सहा, अकराला चार,
एकनंतर मोजायला काही उरत नाही.
मुंबईच्या साहेबांनी फोनवर विचारलं,
पाऊस आहे का तिकडे?
मी भिंतीवरचा थर्मामीटर वाचून दाखवला.

सुपडू जनरेटरचं डिझेल बघतो.
त्याला मी कधीतरी सांगितलं होतं, सी बाय एन म्हणजे
वरून येतं त्यात दाणा किती, कोंडा किती.
आधीची दोन गेली म्हणून आईने
ह्याला सुपात घालून ओढला, नाव पडलं ते पडलं.
पाखडणं त्याला मी काय शिकवणार.
"दाणा तितलाच से, भाऊ," तो म्हणाला,
"कोंडा वाढी ऱ्हायना."
आणि डिशच्या पुढे तीन दांड्यांवर टांगलेल्या
त्या मुठीएवढ्या डब्याकडे बोट केलं.
"हात लाई दखा."

लावला. कातडी तिथेच राहायची.

त्याने खांद्यावरचा पंचा माठात बुडवला,
शिडी चढला, डब्याच्या अंगाभोवती गुंडाळू लागला.
तोंडावर नको, मी खालून ओरडलो,
ओल्यातून येत नाही ते.
"माले समजस," गाठ मारता मारता,
"सूपनं तोंड कोन बांधस?"

मीटरवर एक. मग अडीच.
पाणी टपकत राहिलं तसा आकडा चढला
आणि बातम्या मध्यावरूनच सुरू झाल्या,
कुठल्याशा वाक्याच्या शेवटच्या तीन शब्दांनी.

लॉगबुकात लिहिलं: एलएनबी तापतो, बदलून मिळावा.
पंच्याचं लिहिलं नाही.
आता दर वीस मिनिटांनी
सुपडू तांब्या घेऊन शिडी चढतो
आणि मी काचेच्या आतून
त्याला बोटं दाखवतो.
तीन.
अजून थोडं ओत.