तिसरी चढाई

गुडघा मिरजेत उघडला, मिरजेतच शिवला.
डॉक्टर म्हणाले, पळता येईल, वळता येणार नाही.
चढाई म्हणजे नुसतं वळणंच असतं
हे मी त्यांना सांगत बसले नाही.

तेव्हापासून पलूसच्या मैदानाकडेला
पत्र्याच्या खुर्चीत मी, पाय विटेवर,
मांडीवर फिजिक्सचं जर्नल, मागून उघडलेलं:
कोणत्या कॉलेजचा कोपरा घोट्याला झोंबतो,
कोणाची साखळी डावीकडून आधी सुटते,
कोण पहिल्या मिनिटाला शूर आणि शेवटच्याला भित्री.
घोरपडे सर म्हणाले, तू बघ, तूच सांग.
माझा आवाज आता मध्यरेषेच्या पुढं जात नाही.

खुणा साध्या.
बाटली उभी: बोनस घे आणि माघारी ये.
बाटली आडवी: डाव्या कोपऱ्यावर जा.
टोपण काढलं: काही करू नकोस, तीस सेकंद खा.
आष्ट्याच्या बाईंनी दोनच सामन्यांत बाटली ओळखली.
मग मी शेजारी दोघींना बसवलं,
तिघींच्या तीन बाटल्या, तिघी हलवणाऱ्या,
खरी कोणाची ते एकट्या तमन्नाला ठाऊक:
त्या दिवशी जिच्या वेणीला रिबन नाही, तिची.

जर्नलमध्ये सगळ्या पोरी म्हणजे फुल्या.
फुलीला घाम येत नाही.
फुलीचा कोपर सोलत नाही,
फुलीच्या घरून फोन येत नाही की सात वाजले, कुठं आहेस.
मी फुली पुढं सरकवायचे
आणि तमन्ना शिकलगार जायची,
माझं अर्धं वाक्य एका दमात पुरं करून यायची,
मातीत थुंकायची, माझ्याकडं बघायची नाही.
जिंकलं की तिचं नाव पेपरात,
हरलं की, अगं, सांगितलं कुणी हे?
हा व्यवहार मला मान्य होता.

इस्लामपूरला फायनल. वीटही बरोबर नेली होती.
कराडच्या एकोणतीस, आमच्या अठ्ठावीस.
शेवटची चढाई, आणि नेमकी तीच तिसरी:
रिकामं परत यायची सोय नाही.
समोर सहाजणी. म्हणजे बोनस आहे.
बोनस म्हणजे बरोबरी, बरोबरी म्हणजे आणखी दहा मिनिटं.
मी हिशेब दोनदा केला.
रिबन त्या दिवशी माझ्याच वेणीला नव्हती.
बाटली उभी ठेवली, हात काढून घेतला.

तिनं बघितली.
मी शपथेवर सांगते, तिनं बघितली.
आणि कबड्डी म्हणत ती डावीकडं गेली,
चार नंबरच्या अंगावर, जिच्यापुढं मी जर्नलमध्ये
दोनदा अधोरेखित केलं होतं: हिच्या वाटेला जाऊ नये.

हात लागला. खरंच लागला.
मग घोटा गेला, मग कंबर,
मग सहाही जणींचा एक ढीग
आणि ढिगाखालून एक हात, पसरलेला,
मध्यरेषेपासून वीतभर अलीकडं.
दम संपेपर्यंत ती म्हणत होती.

शिट्टी.
मागून कुणीतरी बापय गडी ओरडला,
बोनस होता की! कुणी सांगितलं हिला कोपऱ्यावर जायला?
सर वळले. माझ्याकडं नाही, बाटलीकडं.

त्या अर्ध्या सेकंदात माझं बोट लागून
बाटली आडवी झाली.
लागलं म्हणा, लावलं म्हणा.
शेजारच्या दोघींनी पाहिलं, बोलल्या नाहीत.
मी म्हटलं, मीच सांगितलं सर. चुकलं.
सरांनी टोपी काढली, परत घातली.

ताकारीच्या फाटकाला टेम्पो थांबला.
मालगाडी होती, लांबच लांब.
तमन्नानं घोट्यावर बर्फाची पिशवी धरलेली,
पाणी माझ्या मांडीवर गळत होतं.
डबे मोजल्यासारखं बघत म्हणाली,
उभी होती.
हो.
चार नंबरचा डावा पाय लंगडत होता, मधल्या सुट्टीपासून.
मला नाही दिसला.
तिथून नाही दिसत, ती म्हणाली.

फाटक उघडलं. मी जर्नल काढलं,
चार नंबरखालची एक रेघ खोडली.
दुसरी ठेवली.
हात लागला होता, पण रेघही पुरती खोटी नव्हती.